मुंबई ते न्यूयॉर्क नेमकं किती किलोमीटर? दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर घरबसल्या कसं काढायचं

माझी भाची नववीत आहे, तिला शाळेच्या प्रोजेक्टसाठी मुंबई ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर हवं होतं. तिने तीन साइट बघितल्या, तिन्हीवर वेगवेगळा आकडा. मग मला फोन. "मावशी, यातला खरा कुठला?" मी म्हटलं आकडे राहू देत, वही घे आणि कॅल्क्युलेटर घे, आपणच काढू. अर्ध्या तासात तिने काढलं पण, आणि मग तिचे पुढचे प्रश्न सुरू झाले, विमान वर उडतं त्याचं काय, पृथ्वी फिरते त्याचं काय, दुबईवरून गेलं तर किती वाढतं. ते सगळं इथे नीट लिहून काढतेय कारण हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की नंतर कुठल्याही साइटवरचा आकडा बघून तो कशाचा आहे हे कळतं. त्रिकोणमितीतले साइन आणि कोसाइन माहीत असतील तर बास, बाकी काही लागत नाही.

आधी हे ठरवा की कुठलं अंतर हवंय

"विमानाचं अंतर" म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून दोन विमानतळांमधलं कमीत कमी अंतर. दोन, विमान त्या दिवशी प्रत्यक्षात जेवढं उडालं ते. तीन, तिकिटावर मधे स्टॉप असेल तर प्रत्येक टप्प्याची बेरीज. बहुतेक वेळा कुणी अंतर विचारतं तेव्हा पहिलं अपेक्षित असतं, आणि वहीवर काढता येतं ते पण हेच. दुसरं रोज बदलतं. भाचीच्या तीन साइटपैकी एक पहिलं देत होती, एक स्टॉप धरून बेरीज देत होती, आणि तिसरी मैलात देत होती ते हिच्या लक्षातच आलं नव्हतं.

नकाशा बाजूला ठेवा, ग्लोब घ्या

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्कला पट्टी लावली तर रेघ सौदी अरेबिया, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को अशी जाऊन अटलांटिक ओलांडते. बघायला ती सरळ वाटते म्हणून आपण धरून चालतो की तोच जवळचा रस्ता. पण हा नकाशा बऱ्याचदा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा असतो, १५६९ मध्ये त्याने तो बनवला तो जहाजवाल्यांच्या सोयीसाठी, होकायंत्राची एकच दिशा धरून जायचं असेल तर ती रेघ नकाशावर सरळ यावी म्हणून. अंतर मोजायला तो बनलेलाच नाही. त्या सरळ रेघेवरून खरंच उडत गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर होतात. आणि कमीत कमी अंतर आहे १२,५३३ च्या आसपास. म्हणजे पट्टीच्या रस्त्याने साडेसोळाशे किलोमीटर जास्त, मुंबई-दिल्ली विमान अंतराच्या जवळजवळ दीडपट.

आता ग्लोबवर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. सौराष्ट्र, मग पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, मॉस्कोच्या अगदी जवळून, फिनलंड, स्वीडन, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडॉर, आणि मग वरून खाली न्यूयॉर्क. मुंबईच्या मुलीला अमेरिकेला जाताना आइसलंड लागतं हे भाचीला पटतच नव्हतं, दोरा तिने तीनदा ताणून बघितला.

हा ताणलेला दोरा म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारा काप घेतला की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं ते बृहद्वृत्त, शाळेत विषुववृत्ताच्या धड्यात हा शब्द येऊन जातो. गोळ्यावर दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता कायम अशाच वर्तुळावर असतो.

दोऱ्यानेच ढोबळ अंतर पण निघतं. ग्लोबचा व्यास ३० सेंटीमीटर असेल तर परीघ सुमारे ९४ सेंटीमीटर, आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,०३० किलोमीटर, म्हणजे दोऱ्याच्या एका सेंटीमीटरला ४२५ किलोमीटर. आमचा दोरा साडेएकोणतीस सेंटीमीटर भरला. २९.५ गुणिले ४२५ म्हणजे १२,५३७. एवढं जवळ येणं हे थोडं नशीब पण आहे, दोरा अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे झाला तर दोनशे किलोमीटर हलतात. तरी लहान मुलांना शिकवायचं असेल तर मी इथूनच सुरुवात करेन, सूत्र नंतर.

पहिली पायरी: विमानतळाचे अक्षांश-रेखांश, शहराचे नाही

इथे घाई करू नका. विमानतळाचे अक्षांश-रेखांश शोधायचे, आणि त्याआधी नक्की कुठला विमानतळ ते ठरवायचं. न्यूयॉर्कला जाणारे आपले कितीतरी लोक प्रत्यक्षात नेवार्कला उतरतात, ते न्यू जर्सीत आहे. गोव्यात २०२३ पासून दोन विमानतळ आहेत, दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. मुंबईत पण आता सांताक्रूझ-सहार वाला बीओएम आहे आणि नवी मुंबईचा एनएमआय, त्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. हजारो किलोमीटरच्या हिशोबात दहावीस किलोमीटरने फार बिघडत नाही पण नावाचा घोटाळा झाला तर सगळंच चुकतं, सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तशी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात पण आहे, सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकात पण आहे. म्हणून शहराच्या नावावरून शोधू नका, तिकिटावरचा तीन अक्षरी कोड घेऊन शोधा.

प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भ बिंदू असतो, साधारण धावपट्ट्यांच्या मधोमध धरलेला. विकिपीडियावर विमानतळाच्या पानावर उजवीकडे वर अक्षांश-रेखांश दिसतात, आपल्याला तेवढं पुरतं.

मुंबई: १९°०५′१९″ उत्तर, ७२°५२′०५″ पूर्व.
न्यूयॉर्क जेएफके: ४०°३८′२३″ उत्तर, ७३°४६′४४″ पश्चिम.

अंश, मिनिटं, सेकंद असं दिलेलं असतं ते आधी दशांशात आणायचं. मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३६०० ने भागा, अंशात मिळवा. १९ + ५/६० + १९/३६०० = १९.०९. चुकूनसुद्धा १९.०५१९ लिहू नका, दिसायला तसंच दिसतं म्हणून बरेच जण तसं लिहून मोकळे होतात. असंच करत मुंबई १९.०९ आणि ७२.८७, न्यूयॉर्क ४०.६४ आणि ७३.७८. दोन दशांश बास झाले कारण अक्षांशाचा एक शतांश अंश म्हणजे जमिनीवर फक्त १.१ किलोमीटर.

दुसरी पायरी: चिन्हं, सगळ्या चुका इथे होतात

उत्तर अधिक, दक्षिण उणे. पूर्व अधिक, पश्चिम उणे. म्हणून मुंबईचा रेखांश +७२.८७ आणि न्यूयॉर्कचा −७३.७८. दोघांमधला फरक ७२.८७ − (−७३.७८) = १४६.६५ अंश.

ही जोडी मी मुद्दाम घेतली, कारण हिच्यात एक सापळा आहे. मुंबई ग्रीनिचच्या पूर्वेला जेवढी, जवळजवळ तेवढंच न्यूयॉर्क पश्चिमेला, म्हणजे लंडन दोघांच्या बरोबर मधे येतं. त्यामुळे पश्चिमेचं उणे चिन्ह विसरलं तर फरक येतो ०.९१ अंश आणि उत्तर येतं साधारण २,४०० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून अडीच-तीन तासांत न्यूयॉर्क! भाचीचं पहिलं उत्तर हेच आलं होतं. ते बघून ती स्वतःच थांबली आणि म्हणाली की हे शक्यच नाही, आणि मला ते फार आवडलं, कारण उत्तर आल्यावर ते पटतंय का हे बघणं हा गणिताचाच भाग आहे.

रेखांशातला फरक १८० पेक्षा जास्त आला तर ३६० मधून वजा करा. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को काढलं तर ७२.८७ + १२२.३८ = १९५.२५ येतो, तो मग १६४.७५ धरायचा. खरं तर कोसाइनला दोन्ही सारखेच, त्यामुळे विसरलात तरी खालच्या सूत्रात उत्तर तेच येतं, पण नकाशावर विचार करताना सोपं जातं.

तिसरी पायरी: सूत्र

पहिल्या ठिकाणाचा अक्षांश अ१, दुसऱ्याचा अ२, रेखांशातला फरक र. मग

कोसाइन(कोन) = साइन(अ१) × साइन(अ२) + कोसाइन(अ१) × कोसाइन(अ२) × कोसाइन(र)

हा कोन म्हणजे पृथ्वीच्या केंद्रात बसून बघितलं तर दोन विमानतळांमधे किती अंशांचा कोन दिसेल तो. कोन मिळाला की अंतर मिळालंच, कारण पूर्ण ३६० अंशांना ४०,०३० किलोमीटर, म्हणजे एका अंशाला १११.१९५ किलोमीटर.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनमधे सायंटिफिक बटणं येतात. सुरू करायच्या आधी तो डिग्रीवर (अंशांवर) आहे का रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर, ते बघा. साइन ३० करून बघा, ०.५ आलं तर डिग्रीवर आहे. उणे ०.९८८ आलं तर रेडियनवर, बदला.

आता आकडे टाकू.

साइन १९.०९ = ०.३२७१
साइन ४०.६४ = ०.६५१३
दोघांचा गुणाकार = ०.२१३०

कोसाइन १९.०९ = ०.९४५०
कोसाइन ४०.६४ = ०.७५८८
दोघांचा गुणाकार = ०.७१७१

कोसाइन १४६.६५ = −०.८३५३
०.७१७१ × (−०.८३५३) = −०.५९९०

बेरीज: ०.२१३० − ०.५९९० = −०.३८६०

उत्तर उणे आलं म्हणून घाबरू नका, कोन ९० अंशांपेक्षा मोठा आहे एवढाच त्याचा अर्थ. आता उलटा कोसाइन, म्हणजे कोसाइनच्या बटणावर छोटा −१ लिहिलेला असतो ते. −०.३८६० चा उलटा कोसाइन = ११२.७१ अंश.

११२.७१ × १११.१९५ = १२,५३३ किलोमीटर.

झालं. हे पाच-सात मिनिटांचं काम आहे, आणि जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांना चालतं.

मैलात हवं असेल तर १.६०९ ने भागा, सुमारे ७,७८९ मैल. वैमानिक नॉटिकल मैल वापरतात, एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, त्याने भागलं तर ६,७६७. नॉटिकल मैल हा मुळात कोनाच्या एका मिनिटाएवढा ठरवला होता त्यामुळे कोनाला सरळ ६० ने गुणलं तरी चालतं, ११२.७१ × ६० = ६,७६३. तीनचार मैलांचा फरक दिसतो तो पृथ्वीची त्रिज्या कितीची धरली यावरून, काळजी करण्यासारखं काही नाही.

एक्सेलमधे करणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की तिथे साइन-कोसाइन रेडियनमधेच आकडा मागतात. आधी प्रत्येक अंश रेडियन्स या फंक्शनमधून काढा, आणि शेवटी जो कोन येतो तो रेडियनमधेच येतो त्याला थेट ६३७१ ने गुणा, ती पृथ्वीची सरासरी त्रिज्या किलोमीटरमधे. एकदा शीट बनवून ठेवली की चार आकडे बदलले की झालं. माझ्याकडे अशी शीट आहे आणि घरातल्या प्रत्येक प्रवासाचं अंतर मी त्यात टाकून ठेवते.

दक्षिण गोलार्ध असेल तर

मुंबई ते मॉरिशसचं उदाहरण घेऊ, तिथे मराठी घरं कित्येक पिढ्यांपासून आहेत. विमानतळ २०.४३ दक्षिण, ५७.६८ पूर्व. अक्षांश उणे, म्हणजे −२०.४३, त्याचा साइन −०.३४९१, कोसाइन मात्र अधिकच राहतो, ०.९३७१. रेखांशातला फरक १५.१९, त्याचा कोसाइन ०.९६५१. पहिला गुणाकार −०.११४२, दुसरा ०.८५४६, बेरीज ०.७४०४, कोन सव्वाबेचाळीस अंशांच्या जरासा आत, अंतर साधारण ४,६९५ किलोमीटर. उणे चिन्ह विसरलात तर १,५९५ येतं.

साइटवर थोडा वेगळा आकडा येतो तो का

तुम्ही ४,६९५ काढलं आणि एखाद्या चांगल्या साइटवर त्याहून वीसेक किलोमीटर कमी दिसलं तर तुमचं चुकलेलं नाही. आपण पृथ्वी चेंडूसारखी गोल धरली, ती ध्रुवांकडे जराशी चपटी आहे. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८.१ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५६.८. या चपटेपणामुळे विषुववृत्ताजवळ उत्तर-दक्षिण एक अंश चाललं तर ११०.६ किलोमीटर होतात आणि ध्रुवाजवळ १११.७. मुंबई-मॉरिशस रस्ता विषुववृत्त ओलांडून बराचसा उत्तर-दक्षिण आहे, म्हणून आपला गोल हिशोब जास्त भरतो. सगळीकडे मिळून हा फरक जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या घरात राहतो.

अगदी काटेकोर हवं असेल तर चपट्या पृथ्वीवरचं गणित लागतं. १९७५ मधे थॅडियस व्हिन्सेंटी यांनी दिलेली पद्धत अजून खूप ठिकाणी वापरतात, पण दोन ठिकाणं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असतील तर ती अडकते, २०१३ मधे चार्ल्स कार्नी यांनी दिलेली पद्धत तिथेही अडकत नाही. हे हाताने करायचं काम नाही, कॉम्प्युटरवर सोडा. ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे, त्यात दोन कोड मधे छोटी आडवी रेघ देऊन टाकले की अंतर आणि नकाशावर रेघ दोन्ही येतं. गुगल अर्थमधली पट्टी पण पृथ्वीच्या गोलाईवरूनच मोजते. माझं मत विचाराल तर आधी हाताने काढा आणि मग तिथे पडताळा, उलट नको.

जवळच्या विमानतळांना हे सूत्र वापरू नका

लांबच्या अंतराला हे सूत्र छान चालतं पण मुंबई-पुण्याला वहीवर चार दशांशांत करून बघा. बेरीज ०.९९९८ आली तर अंतर निघतं १२७ किलोमीटर, आणि ०.९९९९ आली तर ९०. शेवटचा एक आकडा हलला की ३७ किलोमीटर उडतात! कारण छोट्या कोनाचा कोसाइन १ ला इतका चिकटलेला असतो की त्यात माहितीच उरत नाही.

त्यासाठी हॅवर्साइनचं सूत्र आहे. अक्षांशातल्या फरकाच्या निम्म्याचा साइन काढा, त्याचा वर्ग करा. रेखांशातल्या फरकाच्या निम्म्याचा साइन, त्याचा वर्ग, त्याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणा. दोन्हीची बेरीज करा, वर्गमूळ काढा, उलटा साइन घ्या, दुप्पट करा. हा कोन आला. पुढे १११.१९५ ने गुणायचं ते तसंच. पुण्याचं लोहगाव यात १२४ किलोमीटर येतं. मोबाइलचे अ‍ॅप आणि साध्या वेबसाइट बहुतेक हेच सूत्र वापरतात कारण ते जवळ आणि लांब दोन्हीला चालतं, फक्त पार विरुद्ध टोकाच्या जागांना जरा कच्चं पडतं.

या हॅवर्साइनबद्दल एक सांगावंसं वाटतं. तो व्हर्साइनचा अर्धा असतो, आणि व्हर्साइन म्हणजे १ मधून कोसाइन वजा केला की जे राहतं ते. आपल्याकडे जुन्या ज्योतिषगणितात यालाच उत्क्रमज्या म्हणायचे. साइन हा शब्दसुद्धा "ज्या" वरूनच फिरत गेलाय, ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, अरबीत जाऊन त्याचं जीब झालं आणि तिथून लॅटिनमधे जाताना अर्थ बदलून सायनस झालं. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने वहीत सूत्राच्या वर एक धनुष्य काढलं.

मधे स्टॉप असेल तर

प्रत्येक टप्पा वेगळा काढा आणि बेरीज करा, दुसरा शॉर्टकट नाही. मुंबई ते दुबई १,९२६ आणि दुबई ते जेएफके ११,००२, मिळून १२,९२८. थेट अंतरापेक्षा फक्त ३९५ किलोमीटर जास्त. मुंबई-लंडन ७,२१३ आणि लंडन-जेएफके ५,५४०, मिळून १२,७५३, म्हणजे २२० जास्त. मला स्वतःला हे पहिल्यांदा काढलं तेव्हा फार आश्चर्य वाटलं होतं, दुबई म्हणजे केवढं खाली वाटतं नकाशावर. स्टॉपमुळे वेळ जातो तो विमानतळावर बसण्यात, अंतरात नाही.

हे युरोपवाल्या प्रवासाला खिशाशी पण जोडलेलं आहे. युरोपियन युनियनच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात विमान रद्द झालं किंवा तीन तासांपेक्षा जास्त उशिरा पोचलं तर भरपाई अंतरावर ठरते, १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, ३,५०० च्या वर, युरोपबाहेरच्या प्रवासाला, ६०० युरो, मधल्यांना ४००. कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर मिळत नाही. आणि हे अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं असं नियमातच लिहिलंय. माझ्या एका मैत्रिणीला तिच्या विमान कंपनीने फक्त उशीर झालेल्या पहिल्या छोट्या टप्प्याचं अंतर धरून कमी रक्कम देऊ केली होती. पण एकाच बुकिंगवरचा जोडप्रवास असेल तर जिथून निघालात ते जिथे शेवटी पोचणार होतात ते सरळ अंतर धरायचं, मधले स्टॉप मोजायचे नाहीत, युरोपियन न्यायालयाने २०१७ मधे हे स्पष्ट केलंय. तिने आकडा काढून पाठवला आणि तिला पूर्ण रक्कम मिळाली. अर्ज करायच्या आधी स्वतः अंतर काढाच.

प्रत्यक्षात विमान किती उडतं

तो १२,५३३ चा रस्ता कागदावरचा आहे. विमानाला ठरलेल्या मार्गांनी, ठरलेल्या बिंदूंवरून जावं लागतं, उतरताना रांगेत घिरट्या घालाव्या लागतात, वादळ असेल तर वळसा. पण मुंबई-न्यूयॉर्कच्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हवाई हद्दी. आपला दोरा सौराष्ट्रानंतर लगेच पाकिस्तानात शिरतो, आणि एप्रिल २०२५ मधे पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. २०१९ मधे पण फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैपर्यंत ती बंद होती. पुढे रशिया, तिथे २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना जाता येत नाही. म्हणजे एकाच दोन शहरांमधे कुठल्या देशाची कंपनी आहे यावर रस्ता बदलतो, आणि काही शे किलोमीटर सहज वाढतात.

प्रत्यक्ष अंतर बघायचं असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर फ्लाइट नंबर टाकून मागच्या काही दिवसांचे मार्ग बघा, रोजची रेघ वेगळी दिसेल. वाऱ्याचा पण यात मोठा हात असतो. दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. अमेरिकेला जाताना तो समोरून लागतो म्हणून विमानाचा मार्ग आखणारे डिस्पॅचवाले वळसा घेऊन का होईना पण वारा टाळतात, आणि येताना मुद्दाम त्याच्यात शिरतात. लांब रस्ता कधी कधी लवकर पोचवतो तो असा. २०२१ च्या जानेवारीत एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळुरू पहिलं थेट विमान उत्तर ध्रुवावरून आलं, कॉकपिटमधे सगळ्या महिला वैमानिक होत्या, त्या मार्गावर दोरा ताणून बघा, तो ध्रुवाकडेच का ओढला जातो ते डोळ्याला दिसतं.

प्रवासाच्या कार्बनचा हिशोब करत असाल तर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, तिच्या कॅल्क्युलेटरची साधी रीत वापरा: काढलेलं अंतर ५५० किलोमीटरच्या आत असेल तर ५० मिळवा, ५,५०० पर्यंत १००, त्याच्या वर १२५. म्हणजे आपलं १२,६५८ झालं.

वेळेचा अंदाज लावायचा तर अंतराला ९०० ने भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. १२,५३३ भागिले ९०० म्हणजे जवळजवळ चौदा, वर अर्धा तास. जाताना समोरचा वारा आणि वळसा धरून पंधरा-सोळाच्या पुढे जातं, येताना त्याच्या आत.

भाचीचे राहिलेले दोन प्रश्न. विमान ११ किलोमीटर वरून उडतं तर वर्तुळ मोठं होतं ना? होतं. ६३७१ च्या जागी ६३८२ त्रिज्या धरा, एवढ्या लांबच्या प्रवासात जेमतेम २२ किलोमीटर वाढतात, म्हणून कुणी ते धरत नाही. आणि पृथ्वी खालून फिरते तर विमानाचं अंतर कमी होत नाही का? नाही, कारण हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. फरक पडतो तो हवेच्या स्वतःच्या वाहण्याचा, म्हणजे वर लिहिलेल्या वाऱ्याचा.

उत्तर आलं की शेवटी एक नजर टाका. २०,०१५ किलोमीटरपेक्षा जास्त आलं असेल तर नक्की चूक आहे, कारण पृथ्वीवर कुठलीही दोन ठिकाणं अर्ध्या परिघापेक्षा लांब असूच शकत नाहीत. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे सगळ्यात लांब थेट विमानांपैकी एक, ते सुमारे १५,३५० किलोमीटरचं आहे, त्याच्या कितीतरी पुढचा आकडा थेट विमानासाठी येत असेल तर पुन्हा तपासा. फारच कमी आलं तर पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिणची चिन्हं बघा. काहीतरीच आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर गेलाय.

भाचीने प्रोजेक्टमधे तिन्ही आकडे लिहिले, सरळ अंतर, दुबईवरून आणि लंडनवरून, आणि खाली तो दोरा पण चिकटवला, साडेएकोणतीस सेंटीमीटरचा. आता तिने नागपूर ते मेलबर्न काढायला घेतलंय, तिचा काका तिथे असतो.